मेजापर्यंत न पोचलेली भाकर

आईची भाकर कुत्र्याला घातली, असं पुढं मंडळीत काही लोक म्हणायचे. ते खोटं आहे. कोंबड्यांना घातली. मी या डोळ्यांनी बघितलंय.

मी तेव्हा सहावीत होते. अंबरनाथच्या आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. पाळकसाहेब भाकर मोडायचे, सगळ्यांनी तुकडा तुकडा घ्यायचा, मग द्राक्षरसाचा एकच चांदीचा प्याला सगळ्यांच्या ओठांना लागायचा. आमच्या मंडळीची रीत अशी, की ती भाकर विकत आणायची नाही. मंडळीतल्याच एका घरच्या बाईनं आंघोळ करून, प्रार्थना करून, उपाशीपोटी ती भाजायची. गव्हाची, बेखमीर म्हणजे न आंबवलेली, वर सुरीनं क्रूस ओढलेला. पाळी घरोघर फिरते म्हणायचे. फिरायची ती पंचांच्याच, मंडळीच्या कारभाऱ्यांच्याच घरांतून. त्या वर्षी नवे पाळकसाहेब आले होते. तरुण होते, त्यांना अजून कुणी शहाणं केलेलं नव्हतं. त्यांनी उपासनेत जाहीर केलं, पाळी आता सगळ्या घरांना. आणि फिरत फिरत ती आमच्या घरावर आली.

घर म्हणजे उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात एक खोली. बाबा मी लहान असतानाच गेले. आम्ही दोघीच. आई एका सिंधी भाभीकडं पापड लाटायची. आईचा पापड असा, की खाली पेपर ठेवला तर बातमी वाचून घ्यावी. भाभी गिऱ्हाइकांना उजेडात धरून दाखवायची. "देखो, हमारी बाई के हाथ का है," म्हणायची आणि आईनं भाजलेला पापड आईच्याच ताटातून मोडून तोंडात टाकायची. आमची जात तिनं कधी विचारली नाही. पापड जाड होता कामा नये, एवढीच तिची अट.

त्या शनिवारी आईनं सुट्टी घेतली. गहू निवडून चक्कीवर नेला आणि चक्कीवाल्याला आधी दुसऱ्याचं पीठ झाडून घ्यायला लावलं. तो कुरकुरला. आई हटली नाही. मांजरपाटाचं नवं फडकं आणलं, धुतलं, वाळवलं. रविवारी सकाळी आंघोळ करून जमिनीवर गुडघे टेकले. मग लाटायला बसली. दिवसभर झरझर पापड लाटणारा तिचा हात क्रूस मात्र सावकाश, एकेक रेघ जपून ओढत होता. मी समोरच बसले होते. आई मला इतकी सुंदर कधी दिसली नव्हती.

भाकर फडक्यात बांधून तिनं माझ्या हातात दिली. स्वतः नेऊन द्यायला तिला लाज वाटत होती.

"छातीशी धर," म्हणाली. "नीट ने. कुणाचा धक्का लागू देऊ नको."

मी नीट नेली.

चर्चच्या मागच्या खोलीत काकीसाहेब होत्या. भाऊसाहेबांची बायको. भाऊसाहेब आमच्या मंडळीचे मुख्य पंच, केमिकल कारखान्यात ऑफिसर. चर्चला लागूनच त्यांचं बैठं घर, मध्ये तारेचं कुंपण. त्यांचे पणजोबा ब्राह्मण होते, ते ख्रिस्ती झाले. त्याला शंभर वर्षं होऊन गेली, तरी घरात बोलण्यातून पणजोबा जात नव्हते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी जवळून बघितलाय. आम्ही जालन्याकडच्या मांगवाड्यातले. माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा गावकुसाबाहेरच्या ओढ्यात झाला, भाऊसाहेबांच्या पणजोबांचा मिशनच्या बंगल्यात. शास्त्राप्रमाणं दोन्हीकडचं पाणी सारखंच.

काकीसाहेब हसल्या. फडक्याला हात लावला नाही. कोपऱ्यातल्या स्टुलाकडं बोट केलं.

"ठेव तिथं."

मी ठेवली.

उपासना सुरू झाली. पाळकसाहेबांनी मेजावरचं पांढरं कापड उचललं. खाली बेकरीचा पाव होता. चौकोनी तुकडे केलेला, पांढराफटक. पाळकसाहेब क्षणभर थांबले, भाऊसाहेबांकडं बघितलं, आणि पुढं वाचायला लागले. मी मागं वळून बघितलं. आई शेवटच्या सतरंजीवर बसली होती. ताट तिच्यापर्यंत आलं. तिनं पावाचा तुकडा उचलला, तोंडात ठेवला आणि चावायला लागली. एवढासा पावाचा तुकडा चावायला किती वेळ लागतो? गीत संपलं, आशीर्वाद झाला, लोक उठले. तिचा जबडा हलतच होता.

ते जबड्याचं हलणं माझ्या डोळ्यांपुढून अजून गेलेलं नाही.

उपासना संपल्यावर मी आमचं फडकं आणायला मागं गेले. स्टूल रिकामं होतं. फडकं बाहेर कुंपणाच्या तारेवर टाकलेलं होतं. तारेपलीकडं काकीसाहेबांच्या कोंबड्या. भाकरीचे चार तुकडे पडले होते. क्रूस ओढला होता तिथंच ती मोडली होती, सरळ. एक कोंबडी एक तुकडा ओढत गुलाबाच्या झाडामागं घेऊन गेली. काकीसाहेब दारात आल्या. मला बघून दचकल्याही नाहीत.

"अगं, कडक झाली होती," म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसांना चावली नसती. आईला सांग, वाईट वाटून घेऊ नको म्हणावं."

वाटेत मी आईला सगळं सांगितलं. कोंबड्यांसकट. ती चालत राहिली. पाच नंबरची वस्ती दिसायला लागली तेव्हा म्हणाली, "पुढच्या वेळी पातळ लाटते."

माझी आई म्हणाली हे. जिच्या पापडातून पेपर वाचता यायचा, ती.

पुढची वेळ आली नाही. तरुण पाळकसाहेबांची बदली झाली. पाळी पुन्हा पंचांच्या घरात गेली आणि तिथंच राहिली.

पण आईनं भाजणं सोडलं नाही. दर पहिल्या रविवारी आंघोळ, प्रार्थना, भाकर, वर क्रूस. फडक्यात बांधून फळीवर ठेवायची. "अचानक कुणाच्या घरी अडचण आली, तर?" म्हणायची. कुणाच्या घरी कधी अडचण आली नाही. उपासनेहून आल्यावर आम्ही ती भाकर चहात बुडवून खायचो. दर महिन्याला ती आदल्या महिन्यापेक्षा पातळ असायची. शेवटी शेवटी तर उजेडात धरली असती तर पलीकडचं दिसलं असतं. मला तिचा राग यायचा. एकदा मी ओरडले, "कशाला भाजतेस? कुणाची वाट बघतेस?" ती म्हणाली, "हाक आली नि तयारी नाही, असं नको व्हायला." आणि तवा घासायला घेतला.

आता माझं सांगते.

भाऊसाहेबांचा एक आवडता उपदेश होता. धनी परदेशी जातो, नोकरांवर काम सोपवतो, परत येऊन बघतो कोण टिकलं. जो थोड्यात विश्वासू राहिला त्याच्यावर जास्त सोपवतो. हे सांगताना भाऊसाहेब मागच्या सतरंज्यांकडं बघायचे. पुढच्या बाकांकडं कधी बघितल्याचं आठवत नाही. पुढचे बहुतेक जन्मतःच विश्वासू असावेत.

मी तो उपदेश मनावर घेतला. बारावी झाले, आनंदनगरला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले, आणि उरलेला सगळा जीव मंडळीला दिला. सतरंज्या घालणं, गोळा करणं. गीतांची पुस्तकं पुसणं. लहान मुलांची रविवारची शाळा. आजाऱ्यांच्या घरी जाऊन बसणं. कुणी गेलं की अंघोळ घालायला मी. प्रभुभोजनाचं मेज लावायला मी. आणि नंतर तो चांदीचा प्याला घासायला पण मीच. राखेनं घासायचा, मऊ कपड्यानं पुसायचा. भरलेल्या प्याल्याला माझा हात लागायचा नाही. तो पंच फिरवायचे. रिकामा झाला की माझ्याकडं.

"विश्वासू मुलगी आहे," भाऊसाहेब म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू? दिवसभर ते शब्द कानात घोळायचे. वार्षिक सभेत कुणीतरी म्हणायचं, हिला पंच करा. भाऊसाहेब मान हलवायचे. "फळ अजून पिकू द्या. घाई केली की आंबट निघतं." लोक हसायचे. मीही हसायचे. मऊ लागलं म्हणून ते कोपरानं खणत होते, आणि मी म्हणत होते, खणा.

आई थंडीत गेली. दम्यानं. काकीसाहेब आल्या, आईच्या कपाळावर हात ठेवला. जिवंतपणी कधी ठेवला नव्हता.

"फार गुणी बाई," म्हणाल्या. "कधी तोंड वर करून बोलली नाही."

हे त्यांनी कौतुकानं म्हटलं. आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या.

त्यानंतर पहिला रविवार आला की सकाळी मला भाजल्या भाकरीचा वास यायचा. उठून बघायचे तर तवा खिळ्याला टांगलेला. स्टोव्ह गार. शेजारणीला विचारायचे, तुमच्याकडं काही भाजलंत का? ती माझ्याकडं बघत राहायची. चर्चमध्ये शेवटच्या सतरंजीवर मी कुणालाच बसू द्यायचे नाही, का ते मलाही माहीत नव्हतं. पावाचा तुकडा तोंडात घेतला की माझा जबडा तिच्यासारखा हलायला लागायचा. थांबवला तरी थांबायचा नाही. मला भीती वाटायची. आईची नाही. मी तिच्यासारखीच चावत चावत मरेन, याची.

त्याच सुमाराला मी प्रार्थना घ्यायला एका वाडीवर जायला लागले. बदलापूरच्या पुढं, चामटोलीवरून आत डोंगराला लागून एक कातकऱ्यांची वाडी आहे. मिळेल त्या टेम्पोनं जायचं, पुढं पायी. तिथं पूर्वी कधी एक प्रचारक आला होता, गाणी शिकवून गेला, तो परत फिरकलाच नाही. पण पाच-सहा घरं रविवारी चिंचेखाली जमत राहिली. तीच दोन गाणी म्हणत राहिली. त्यांत सोमीबाई मुख्य. लाकडाची मोळी विकायची, बांधावर मजुरी करायची. पहिल्या दिवशी तिनं मला खालून वर बघितलं.

"तू येशील नं परत?" म्हणाली. "का त्याचेसारखी जाशील?"

मी परत गेले. दर रविवारी दुपारी गेले. आमच्या पंचांपैकी एकही माणूस त्या वाडीवर कधी आला नाही. उंटावरून शेळ्या हाकायचे. "काम कसं चाललंय?" विचारायचे, मी सांगायचे, ते देवाची स्तुती करायचे. एका पाळकसाहेबांनी मात्र उल्हास नदीवर येऊन त्या घरांना बाप्तिस्मा दिला. सोमीबाई पाण्यातून बाहेर आली ती केस पिळत हसत होती. "आता आमी तुमचेच झालो नं बाय?" मी म्हटलं, "हो."

आता ती मंडळीची सभासद होती. आता तिला प्रभुभोजन घ्यायचं होतं. ते मी पंचांच्या कमिटीला कळवलं.

मग मला बोलावणं आलं.

भाऊसाहेब तोवर निवृत्त झाले होते, पण मंडळीतून निवृत्त होणं त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्याच दिवाणखान्यात बैठक. सगळे पंच, पाळकसाहेब, काकीसाहेब चहा घेऊन. मला खुर्ची दिली. त्या घरात मला खुर्ची पहिल्यांदाच मिळत होती.

"तू थोड्यात विश्वासू राहिलीस," भाऊसाहेब म्हणाले. "आता तुझ्यावर मोठी जबाबदारी द्यायची वेळ आली आहे. येत्या पहिल्या रविवारी तुला पंच म्हणून नेमायचं ठरलं आहे. वाडीचं काम सगळं तुझ्याकडे. आणि प्याला तूही फिरवशील."

आई असती तर, हे पहिलं मनात आलं. किती वर्षं रिकामा प्याला घासला होता मी. आता भरलेला हातात येणार होता.

"फक्त एक," भाऊसाहेब म्हणाले. "वाडीच्या लोकांचं प्रभुभोजन तिकडेच करावं. एवढ्या लांबून त्यांना कशाला त्रास? इथे आणायची गरज नाही."

काकीसाहेब आतून पेपरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. स्टीलचा गिलास होता. उंच, चकचकीत.

"मुद्दाम नवा घेतला हो," त्या म्हणाल्या. "हा त्यांच्यासाठी. आणि बेकरीतला पाव इथूनच घेऊन जात जा. त्यांच्या हातचं नको. काय काय खातात ती माणसं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुला काय सांगायचं? तू तर आता आमच्यातलीच."

खोलीत सगळे हसत होते. पाळकसाहेब बशीत बघत होते. माझा जबडा आपोआप हलायला लागला. तोंडात काहीच नव्हतं.

मी विचारलं, "काकीसाहेब, माझ्या आईची भाकर खरंच कडक झाली होती का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आठवायचा प्रयत्न केला. मनापासून केला, हे मला दिसत होतं.

"कुठली भाकर गं?"

त्यांना आठवत नव्हतं. माझी आई मरेपर्यंत जी भाकर पातळ करत बसली, ती त्यांच्या लक्षातच नव्हती. त्यांनी खोटं बोलावं, सारवासारव करावी, चिडावं, काहीही चाललं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या. मी गिलास घेतला आणि घरी आले.

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. गिलास फळीवर ठेवला होता, आई भाकर ठेवायची तिथंच. कामावरून आले की तो चमकायचा. मला पंच व्हायचं होतं. फार व्हायचं होतं. मी स्वतःला समजावत होते, आधी पद घे, मग आतून बदल. वाडीवाल्यांना काय फरक पडतो? त्यांना तर माहीतही नाही इथं चांदीचा प्याला आहे. नवा गिलास बघून खूशच होतील. असं सगळं पटत यायचं, आणि मग मला सोमीबाई दिसायची. सोमीबाई पाव चावत असायची. चावतच असायची. आणि म्हणायची, आमचं काय चुकलं ते सांग, पुढच्या वेळी नीट करते.

मला मोठी केली होती ती यासाठी. माझ्या आईशी जे झालं ते आता मी करायचं होतं. त्यांना हात विटाळायचा नव्हता, म्हणून माझा हात हवा होता. तो इतकी वर्षं पारखून घेतला होता, की हा हात सांगितलेलं करतो, तोंड वर करत नाही.

शनिवारी मी आईचा पिठाचा डबा उघडला. गहू आणले, दळून त्यात भरले. मांजरपाटाचं ते जुनं फडकं पेटीत होतं, ते काढलं. आणि वाडीवर मुक्कामाला गेले.

रविवारी सकाळी सोमीबाईनं ओढ्यावर आंघोळ केली. मी तिला सगळं सांगून ठेवलं होतं. भाकर कशी असते, कशासाठी असते. आणि हेही, की तिकडं काही लोकांना तुझ्या हातची नको आहे. तिनं ऐकून घेतलं. चुलीपाशी बसली. लाटणं तिच्याकडं नव्हतंच. हातावर थापून तव्यावर टाकली. सुरी नव्हती, कोयत्याच्या टोकानं क्रूस ओढला. भाकर चांगली जाड झाली. एका बाजूनं थोडी करपली.

"जाड झाली नं बाय?" ती म्हणाली. "दुसरी करू का पातल?"

मला रडू आलं. तिच्यासमोरच आलं, मी लपवलं नाही.

"असू दे जाड," मी म्हटलं. "हीच न्यायची."

तिनं ती फडक्यात बांधली. माझ्या हातात दिली. "सांभालून ने," म्हणाली.

वाडीतली सात-आठ माणसं माझ्याबरोबर खाली आली. टेम्पोत मी भाकर छातीशी धरली होती. तिची ऊब लागत होती. माझ्या हातात दुसऱ्यांदा कुणीतरी भाकर दिली होती. यावेळी कुठल्या स्टुलावर ठेवणार नव्हते.

चर्च भरलेलं होतं. मी वाडीच्या लोकांना पहिल्या बाकावर बसवलं. तिथं बसणाऱ्या दोन बायका उठून मागं गेल्या. मेज मी शनिवारी वाडीवर जाण्याआधीच लावून ठेवलं होतं, फक्त पाव आणला नव्हता. नेमणुकीच्या प्रार्थनेसाठी पाळकसाहेबांनी मला पुढं बोलावलं. मी फडकं घेऊन गेले, मेजावर ठेवलं आणि उघडलं. करपल्या भाकरीचा वास पहिल्या बाकापर्यंत गेला असेल.

मी वळून म्हणाले, "ही भाकर वाडीच्या सोमीबाईनं भाजली आहे. आपल्या मंडळीची रीत आहे, भाकर मंडळीतल्या घरची. ती मंडळीतली आहे. आज तिची पाळी."

भाऊसाहेब उठले.

"पाळकसाहेब, थांबा. हे कमिटीत ठरलेलं नाही."

"माझ्या आईची भाकर कोंबड्यांना घालायची, हे कुठल्या कमिटीत ठरलं होतं?" मी विचारलं.

तेव्हा काकीसाहेबांना आठवलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते आलेलं मी बघितलं. त्यांनी मान खाली घातली. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आई शेवटच्या सतरंजीवर बसलीच होती, जबडा हलवत.

मी पिशवीतून तो स्टीलचा गिलास काढला. चांदीच्या प्याल्याशेजारी ठेवला.

"हा तुम्ही दिलेला," मी भाऊसाहेबांना म्हणाले. "नवाच आहे, कुणी तोंड लावलेलं नाही. ज्यांना सगळ्यांबरोबर एका प्याल्यातून चालत नाही, त्यांनी यातून घ्यावं. सोमीबाई प्याल्यातूनच घेईल."

भाऊसाहेब काठी टेकत बाहेर गेले. काकीसाहेब त्यांच्यामागं. त्यांच्यामागं बरीच घरं गेली. पाळकसाहेबांच्या हातात शास्त्र उघडं होतं. त्यांचे ओठ हलत होते. माझा त्यांच्यावर राग नाही, पण त्यांनी काय केलं ते सांगायलाच हवं. त्यांनी भाकरीवर कापड टाकलं.

"आज प्रभुभोजन होणार नाही," म्हणाले.

मी मागच्या खोलीच्या किल्ल्या मेजावर ठेवल्या. "मग मला पंचही करू नका," मी म्हणाले. "मी तुमच्या विश्वासातली नाही."

पायरीवर आल्यावर सोमीबाईनं माझा हात धरला. "आमची चूक झाली का बाय?"

"नाही," मी म्हटलं. "आणि हे परत विचारू नको. मलाही नाही, कुणालाच नाही."

त्याला आता बरेच महिने झाले. भाऊसाहेबांनी खरवईला मुलाच्या फ्लॅटमध्ये वेगळी उपासना सुरू केली. तिथं म्हणे प्रत्येकाला वेगळा छोटा प्लास्टिकचा कप मिळतो. आमच्या चर्चच्या मेजावर अजून पाव येतो. कमिटी विचार करतेय, असं पाळकसाहेब सांगतात. ही मंडळी सोडून दुसरीकडं जा, असं मला पुष्कळांनी सुचवलं. वाडीवरच चिंचेखाली भाकर मोडा, देव तिथंही आहे म्हणाले. देव तिथं आहे, हे मला माहीत आहे. मला इथलं मेज हवंय.

म्हणून दर पहिल्या रविवारी आम्ही येतो. पहिल्या बाकावर बसतो. मी उठून भाकर मेजावर ठेवते, पाळकसाहेब तिच्याशेजारचा पाव मोडतात. पावाचं ताट आमच्यापर्यंत आलं की आमच्यातला एकही माणूस हात पुढं करत नाही. त्या दिवसापासून मी पाव तोंडात घेतलेला नाही, आणि ही भाकर इथं मोडली जात नाही तोवर घेणारही नाही. माझा जबडा आता हलत नाही. आई मात्र अजून असते, शेवटच्या सतरंजीवर. ती जावी असं मला वाटत नाही. तिनं बघितलं पाहिजे.

वाडीवर आता पाळी घरोघर फिरते. कोण तांदळाच्या भाकरीसारखी थापतं, कुणाची करपते, कुणाची कच्ची राहते. मी सगळ्यांना एकच गोष्ट बजावून ठेवलीय. भाकर पातळ करायची नाही.